अभिजाततेचा भूगोल : झाडीपट्टीचे नाटक आणि मराठी नाट्येतिहासाचे निकष

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे जो प्राचीन मंदिरसमूह उभा आहे, त्याचा परिचय करून देताना 'विदर्भाचे खजुराहो' हे बिरुद हमखास वापरले जाते. नदी येथे उत्तरवाहिनी होते, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञाने या मंदिरांची पाहणी केली. परंतु या कशानेही मार्कंड्याला स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याचा अधिकार मिळालेला दिसत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्याच कुरखेडा तालुक्यातील झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आठशे भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग अशी कारकीर्द असलेल्या या कलावंताची ओळख पटवण्यासाठी वृत्तपत्रांना दादा कोंडके यांच्या नावाचा आधार घ्यावा लागला. दोन्ही उपमांमागील हेतू गौरवाचाच आहे. तथापि खजुराहोला 'बुंदेलखंडाचे मार्कंडा' असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. तुलनेची दिशा एकच असते, आणि ती दिशा कोण ठरवतो हा समीक्षेचा प्रश्न आहे.

अभिजात म्हणजे काय, या प्रश्नाची पाश्चात्त्य समीक्षेतील परंपरा दीर्घ आहे. परंतु त्या संज्ञेच्या मुळाकडे क्वचितच पाहिले जाते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील औलस गेलियस या रोमन लेखकाने 'क्लासिकस' हे विशेषण ग्रंथकाराला लावले, ते रोममधील करव्यवस्थेतून उचलून. मालमत्तेच्या प्रमाणात नागरिकांचे वर्ग पाडले जात. त्यांतील पहिल्या वर्गाचा माणूस तो 'क्लासिकस'. त्याचे विरुद्ध टोक 'प्रोलेतारियस', म्हणजे ज्याच्याजवळ संततीखेरीज राज्याला देण्यासारखे काही नाही असा. मराठीने या संज्ञेसाठी जो प्रतिशब्द निवडला त्याचा संस्कृतातील अर्थ 'चांगल्या कुळात जन्मलेला' असा आहे. एका शब्दात संपत्ती आहे, दुसऱ्यात कूळ. साहित्यकृतीच्या गुणवत्तेविषयी बोलताना या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या आहेत असे समीक्षक मानतो. शब्द मात्र आपले कूळ विसरत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून हा शब्द शासकीय फलकांवर आणि सभासंमेलनांत मुक्तपणे वापरला जाऊ लागला आहे. भाषेच्या बाबतीत त्याचा मुख्य आधार प्राचीनत्व हा आहे. कृतीच्या बाबतीत तो काय असावा, याची चर्चा त्या उत्साहात बाजूला पडली.

टी. एस. एलियट यांनी १९४४ साली लंडनच्या व्हर्जिल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात अभिजाततेची जी लक्षणे सांगितली त्यांत मनाची प्रौढता, भाषेची प्रौढता आणि सर्वसमावेशकता ही प्रमुख होत. त्या विवेचनात अभिजाताच्या विरोधात उभी केलेली संकल्पना 'प्रांतिकता' ही आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. एलियट यांना प्रांतिकता केवळ स्थळाची अभिप्रेत नव्हती. मूल्यांचे प्रमाण बिघडणे, अंशाला पूर्ण समजणे असा त्यांचा आशय होता. परंतु व्हर्जिल हा साम्राज्याच्या राजधानीचा कवी असल्याने त्याची प्रौढता आणि रोमचे केंद्रत्व यांची फारकत या विवेचनात होऊ शकत नाही. फ्रँक कर्मोड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात अभिजात आणि साम्राज्य यांच्या या साहचर्याचीच उकल केली आहे. एलियट यांची व्याख्या उलट करून पाहिली तर एक अडचणीचा निष्कर्ष हाती येतो : अंशाला पूर्ण समजणे ही जर प्रांतिकता असेल, तर सर्वांत प्रांतिक असण्याची शक्यता राजधानीचीच अधिक. परिघावरच्या माणसाला केंद्र ठाऊक असावेच लागते; केंद्रावरच्या माणसाला परीघ ठाऊक नसला तरी चालते.

या निष्कर्षाचे एक अलीकडचे आणि अनपेक्षित उदाहरण अमेरिकेतील हिप-हॉप संगीतात सापडते. १९८८ मध्ये सुरू झालेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेले 'द सोर्स' हे नियतकालिक ध्वनिमुद्रिकांना पाचपैकी 'माइक' देत असे; पाच माइक मिळाले की ती मुद्रिका अभिजात ठरली असे तेथील श्रोते मानत. न्यूयॉर्कच्या नॅसच्या 'इलमॅटिक'ला १९९४ मध्ये पाच माइक मिळाले. त्याआधी पश्चिम किनाऱ्यावरील डॉ. ड्रे याच्या 'द क्रॉनिक'ला साडेचारांवर थांबावे लागले होते. १९९५ मध्ये न्यूयॉर्कमधील याच नियतकालिकाच्या पुरस्कार समारंभात दक्षिणेकडील अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला पुरस्कार जाहीर होताच प्रेक्षकांनी हुर्यो केली. या जोडीच्या 'अक्वेमिनी'ला पाच माइक मिळायला १९९८ उजाडले. येथे कोणी कोणाला मुद्दाम डावलले असे म्हणण्याची गरज नाही. शब्दांची घट्ट वीण आणि यमकांची गुंतागुंत हा न्यूयॉर्कच्या वस्त्यांत घडलेला निकष होता. दक्षिणेचे संगीत मोटारीत, नाचाच्या जागी, खर्जाच्या ठोक्यावर ऐकण्यासाठी घडले होते. एका प्रदेशाची ऐकण्याची सवय 'कसोटी' या नावाने दुसऱ्याला लावली गेली. मात्र या कथेत एक गोष्ट दक्षिणेच्या बाजूची होती. मुद्रिका टिकते. निकाल चुकला तर दहा वर्षांनी तीच मुद्रिका पुन्हा लावून फेरविचार मागता येतो, आणि तो झालाही. ज्या कलेचा पुरावा असा मागे राहत नाही तिच्या बाबतीत काय होते, हे पाहण्यासाठी वैनगंगेच्या खोऱ्यात परत यावे लागते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी उरकत आली की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला; लेकीबाळी, सोयरे त्या दिवशी गावात येतात, आणि रात्री नाटक असते. शंकरपटाच्या निमित्तानेही नाटक होत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने शर्यतींवर आलेली बंदी २०२१ च्या अखेरीस उठेपर्यंत या निमित्ताला खंड पडला, तरी नाटकाचा हंगाम थांबला नाही. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा, म्हणजे आजचे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. तेथे मंडळ्यांची कार्यालये थाटलेली असतात. गावातील मंडळाची माणसे तेथे जाऊन तारीख, नाटक, नट आणि रक्कम ठरवतात. पुढची जबाबदारी गावाची : मंडप, तिकिटे, प्रचार. नफा झाला तर तो देवळाला, शाळेला किंवा गावच्या अशाच एखाद्या कामाला जातो. तोटा झाला तर तो मंडळाच्या पोरांनी वाटून घ्यायचा.

प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गाणी आहेत, साथीला वादक समोर बसलेले आहेत, अंकांच्या मध्ये लावणी आहे, विनोदी पात्रांचे स्वतंत्र प्रवेश आहेत. एकच नट हंगामात अनेक संहितांत आणि प्रसंगी अनेक मंडळ्यांत काम करतो. तालमींना फारसा अवकाश नसतो. त्यामुळे प्रॉम्प्टर हा येथे अडचणीच्या वेळी आठवण करून देणारा सहायक राहत नाही, तो प्रयोगाचा कणा असतो. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला हे पहिल्यांदा पाहताना संगीत नाटकाच्या उत्तरकाळाची आठवण होते, आणि त्या आठवणीबरोबरच निकालही तयार होतो : हे मागे राहिलेले नाटक आहे. महानगरात १९३०-४० च्या सुमारास जे संपले ते येथे अजून चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. प्रदेशाचे अंतर काळाच्या अंतरात रूपांतरित करण्याची ही रीत मराठी समीक्षेत जुनी आहे. ग्रामीण साहित्याच्या बाबतीतही ती दिसते. चामोर्शीचा प्रेक्षक आणि दादरचा प्रेक्षक एकाच वर्षी, एकाच रात्री नाटक पाहत असतात. एकाचे नाटक वर्तमान आणि दुसऱ्याचे अवशेष असे मानण्याला कालगणनेत काहीही आधार नाही.

मराठी नाटकाचा इतिहास ज्या रीतीने लिहिला गेला त्यात या दृष्टीचे मूळ शोधता येते. सांगलीत विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' सादर केले, आणि तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा 'मराठी रंगभूमी' हा ग्रंथ १९०३ मधला, श्री. ना. बनहट्टी यांच्या 'मराठी रंगभूमीचा इतिहास' या १९५७ मधील पहिल्या खंडाची कालमर्यादाच १८४३ ते १८७९ अशी आहे. बनहट्टी नागपुरात प्राध्यापक होते, हा तपशील येथे महत्त्वाचा. पूर्वग्रह हा इतिहासकाराच्या राहत्या पत्त्यातून येत नाही. तो त्याने आरंभबिंदू म्हणून काय स्वीकारले त्यातून येतो. सांगली–पुणे–मुंबई हा मार्ग एकदा गृहीत धरला की त्यावर जे नाही ते आधीचे, नंतरचे किंवा बाजूचे ठरते.

या आरंभबिंदूला दोन बाजूंनी तडे गेले आहेत. पहिला तडा तंजावरचा. १६८४ ते १७१२ या काळात तेथे राज्य करणाऱ्या शहाजीराजांच्या नावावर मराठी नाटके आहेत. 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांतले विशेष परिचित. सांगलीच्या प्रयोगाच्या कितीतरी आधी मराठीत नाटक लिहिले जात होते, हे सरस्वती महालातील हस्तलिखितांनी दाखवून दिले. तरीही इतिहासाचा पहिला दिवस बदलला नाही. तंजावरची नाटके प्रस्तावनेत गेली. दुसरा तडा जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न'चा. १८५५ मध्ये लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले, तेथे नाकारले गेले, आणि १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक' मधून प्रथम छापले गेले. तंजावरला अंतराने दूर ठेवले, फुले पुण्यातच असून जातीने आणि आशयाने दूर राहिले. म्हणजे येथे 'प्रदेश' हा शब्द केवळ नकाशाचा नाही. मात्र दोन्ही नाटकांना परतीची वाट मिळाली, आणि तिचे कारण साधे आहे : कागद किंवा ताडपत्र शिल्लक होते.

झाडीपट्टीच्या नाटकाला ही सोय बेताचीच आहे. संहिता हस्तलिखित वहीत असते, मंडळीच्या ताब्यात असते, प्रयोगानुसार बदलते. फारच थोड्या संहिता ग्रंथरूपाने येतात. प्रयोगाचे परीक्षण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येण्याची पद्धत येथे रुजली नाही. येते ती जाहिरात. वाङ्मयेतिहासाला लागणारी तिन्ही साधने, म्हणजे छापील संहिता, समकालीन परीक्षण आणि पुरस्काराची नोंद, नागर रंगभूमीबरोबर जन्मली आणि तिच्याबरोबरच वाढली. त्यांच्या अभावी येथील नाटक वाईट ठरते असे नाही. ते परीक्षेलाच बसू शकत नाही. नापास झालेल्या कृतीची निदान नोंद राहते.

या अभावाला राजकीय भूगोलाचीही जोड आहे. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरच्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता. त्याची राजधानी नागपूर. मराठी नाटकाच्या प्रकाशनाची, परिषदांची आणि शिष्यवृत्त्यांची जी घडी मुंबई इलाख्यात बसली ती बसत असताना हा प्रदेश दुसऱ्या प्रशासनात होता. आश्रय मालगुजारांचा होता. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, आणि गावच्या करमणुकीचा भार एका घरावरून गावाच्या वर्गणीवर आणि पुढे तिकिटावर येणे स्वाभाविक होते. चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा त्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते नक्षलवादाच्या बातम्यांतून. ज्या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर केवळ गोळीबारासोबत येते, त्याच्या नाटकाला पुरवणीत जागा मिळणे कठीणच.

झाडीपट्टीविषयी जे लेखन झाले त्याने या नाटकाची उपेक्षा काही अंशी दूर केली, आणि त्याच वेळी एक नवी अडचण निर्माण केली. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांसाठी केलेले काम मूलभूत आहे; त्यांच्या शब्दकोशाशिवाय या प्रदेशाच्या भाषेवर आज काही बोलता येणार नाही. दंडार, खडी गंमत, डहाका या प्रकारांशी आजच्या झाडीपट्टी नाटकाचे नाते त्यामुळे स्पष्ट झाले. परंतु नागर समीक्षेने या नात्यातून सोयीचा तेवढा अर्थ उचलला : झाडीपट्टीचे नाटक ही 'लोककला' आहे. लोककला म्हटले की कर्ता नाहीसा होतो, सन नाहीसे होते, व्यवसाय नाहीसा होतो. मग लोकसाहित्याच्या विभागात तिला सन्मानाने स्थान मिळते आणि नाट्येतिहासाच्या विभागातून ती सुटते. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. या नाटकांना नाटककार आहेत, त्यांना मानधन आहे, करार आहेत, जाहिराती आहेत, मंडळ्यांमध्ये स्पर्धा आहे, नटांचा भाव चढतो-उतरतो. नवरगावचे सदानंद बोरकर शेतकऱ्याच्या आत्महत्येवर त्याच नावाचे नाटक लिहितात आणि ते धान पिकवणाऱ्या प्रेक्षकासमोर होते, तेव्हा त्याला लोकपरंपरेचा अनाम आविष्कार म्हणणे हे वर्णनही नव्हे आणि कौतुकही नव्हे. ही व्यावसायिक रंगभूमी आहे. महाराष्ट्रात व्यावसायिक रंगभूमी दोन आहेत, एवढे साधे विधान इतिहासग्रंथांना जड का जावे?

बंगालची तुलना येथे उपयुक्त ठरते. विशेषतः चामोर्शी आणि मुलचेरा या तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावे वसलेली असल्याने ती तुलना अगदीच दूरची नाही. कोलकात्याच्या चितपूर भागात जात्रा मंडळ्यांची कार्यालये आहेत, आणि वडशाप्रमाणेच ग्रामीण मंडळे तेथे येऊन हंगाम ठरवतात. तेथेही नाटक भावनाप्रधान, गीतमय, रात्रभर चालणारे होते. तेथेही भद्रलोकांनी त्याला नाके मुरडली. परंतु उत्पल दत्त यांच्यासारख्या आधुनिक नाटककाराने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जात्रेसाठी नाटके लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्या अनुभवाची सैद्धांतिक मांडणी केली. परिणामी जात्रा ही बंगाली रंगभूमीच्या इतिहासातली एक बाजू ठरली. मराठीत तमाशाच्या आणि लोकनाट्याच्या बाबतीत असे काहीसे घडले. वडशाच्या बाबतीत घडले नाही. मुंबई-पुण्याचे परिचित नट हंगामात झाडीपट्टीत येतात, जाहिरातीत त्यांचे छायाचित्र मोठे असते, प्रेक्षक गर्दी करतात. परंतु ही ये-जा अभिनयाची आहे, लेखनाची आणि विचाराची नाही. येणारा पाहुणा म्हणून येतो आणि पाहुणा म्हणूनच परततो.

विदर्भाला मराठी नाटकाने नाकारले नाही, असा एक आक्षेप या विवेचनावर घेता येईल, आणि तो हलका नाही. महेश एलकुंचवार नागपूरचे. 'वाडा चिरेबंदी'ची देशपांडे कुटुंबाची कथा विदर्भातल्या धरणगावात घडते. १९८५ मध्ये विजया मेहता यांनी तिचा मुंबईत प्रयोग केला आणि आधुनिक मराठी नाटकाच्या कोणत्याही यादीत आज ती असते. प्रेमानंद गज्वी तर चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातले, म्हणजे झाडीपट्टीच्या मध्यावरचे. २०१९ च्या नागपूर नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. मग पूर्वग्रह कोठे? उत्तर असे की पूर्वग्रह व्यक्तीला अडवत नाही, रीतीला अडवतो. एलकुंचवारांचे नाटक बंदिस्त नाट्यगृहासाठी, एकसंध संहितेच्या आधारे, दिग्दर्शकाच्या रंगभूमीसाठी लिहिलेले आहे. त्यातले गाव विदर्भातले आहे, त्याचे दार मुंबईत उघडते. गज्वींच्या 'किरवंत'चा विषय कोकणातील अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांचा आहे. झाडीत वाढलेल्या नाटककाराला प्रतिष्ठा मिळवून देणारे नाटक झाडीच्या बाहेर जाऊन घडले, याचा दोष त्यांना देता येत नाही, पण त्याची नोंद घ्यायला हवी. प्रदेश आशय म्हणून चालतो. तो रंगपद्धती म्हणून, प्रेक्षक म्हणून, नाटक किती वेळ चालावे याची कल्पना म्हणून आला की अडचण सुरू होते. देशीवादाच्या १९८० नंतरच्या चर्चेनेही ही गाठ सोडवली नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीने नागर मूल्यव्यवस्थेला मोठा हादरा दिला; तथापि ती मांडणी मुख्यतः ग्रंथनिविष्ट वाङ्मयाभोवती, आणि विशेषतः कादंबरीभोवती फिरत राहिली.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. झाडीपट्टीतली बहुसंख्य नाटके भडक आहेत, योगायोगांवर उभी आहेत, त्यांतल्या स्त्रिया कुंकवाभोवती फिरतात, विनोद पुष्कळदा अंगचटीला येतो आणि शेवटच्या अंकात सगळे रडतात. हे खरे आहे. नागर व्यावसायिक रंगभूमीवरील बहुसंख्य नाटकांविषयीही एवढेच, थोड्या अधिक सभ्य शब्दांत म्हणता येईल. फरक एवढाच की तेथे बहुसंख्यांतून मोजकी निवडून इतिहास लिहिला जातो. येथे बहुसंख्यांवरून सर्वांचा निकाल लागतो. निवड करायची तर आधी वाचावे लागते, पाहावे लागते, एका हंगामात एकच नाटक चार गावांत पाहून त्यात काय बदलले हे टिपावे लागते. विद्यापीठीय संशोधनात झाडीपट्टीवर प्रबंध झाले आहेत आणि गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठही स्थापन झाले आहे. परंतु एखाद्या एका नाटकाचे नाटक म्हणून बारकाईने केलेले वाचन दुर्मीळच आढळते. 'रंगभूमी' या समूहवाचक शब्दाखाली कृती गाडली जाते.

प्रेक्षकांचे स्वतःचे निकष नाहीत असेही नाही. एखादे नाटक पुढच्या हंगामात पुन्हा मागितले जाते, पंचक्रोशीत त्याचे नाव होते, मुलीच्या सासरच्या गावाने तेच ठरवले म्हणून माहेरचे गावही ठरवते. लोकप्रियता म्हणून हे बाजूला सारणे सोपे आहे. परंतु अभिजाताची एक जुनी कसोटी पुनर्वाचनाची आहे : जे पुन्हा वाचावेसे वाटते ते. पुन्हा पाहण्यासाठी गाव वर्गणी काढते, तोट्याची जोखीम घेते, ही त्या कसोटीची अधिक महाग आवृत्ती मानायला हरकत नसावी. ती पुरेशी आहे असे मात्र नाही. गावाला काय हवे याचा अंदाज वडशाची कार्यालये बांधतात, आणि अंदाज बांधता बांधता गावाची आवडही घडवतात. हंगामाच्या आरंभी जे नट उपलब्ध आहेत त्यांच्याभोवती संहिता बेतली जाते. केंद्राची सत्ता परिघावरही स्वतःची छोटी केंद्रे निर्माण करते. भाषेत हे सर्वांत ठळक दिसते. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. पाणी 'पानी' होते, डोळा 'डोरा' होतो. पुष्कळ नाटकांत नायक, नायिका, खलनायक प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली वाट्याला येते ती विनोदी नोकराच्या. ज्या प्रेक्षकाची ती मातृबोली आहे तोच त्या बोलीवर हसतो. पुण्याने घातलेली उतरंड येथे रंगमंचावर रोज नव्याने घातली जाते, आणि तिकीट काढून पाहिली जाते.

चामोर्शी या उतरंडीच्या आणखी एका पायरीवर आहे. तालुक्याच्या उत्तरेला धानाचा आणि नाटकाचा पट्टा आहे; दक्षिणेला मुलचेरा, अहेरी, एटापल्लीकडे जंगल दाट होत जाते, गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांची गावे येतात, रेला गीतांची आणि नृत्याची परंपरा सुरू होते. झाडीपट्टीच्या इतिहासाचे केंद्र वडसा ठरले, की चामोर्शी त्याचे टोक ठरते आणि त्यापलीकडचे सादरीकरण पुन्हा 'आदिवासी कला' या सनावळी नसलेल्या कप्प्यात जाते. मराठी नाट्येतिहासाने झाडीपट्टीला जसे लोककलेत ढकलले, तसेच झाडीपट्टीचा इतिहासही आपल्या दक्षिणेला ढकलू शकतो. बंगाली गावांतील नाटक तर भाषेमुळे मराठीच्या कोणत्याच इतिहासात येत नाही, मग त्याचा मंडप चामोर्शीच्याच मातीत का उभा असेना.

या सर्व प्रश्नांची सुरुवात मात्र एका व्यावहारिक प्रश्नापासून करावी लागेल, आणि तो संपादनशास्त्राचा आहे. झाडीपट्टीतले एखादे नाटक अभ्यासासाठी छापायचे ठरले, तर त्याची संहिता कोणती? नाटककाराकडची मूळ वही, मंडळीने कात्री लावून घेतलेली प्रत, की प्रॉम्प्टरच्या हातातली, जिच्या समासात नटाने गावागणिक वाढवलेली वाक्ये आणि गाण्यांच्या बदललेल्या जागा पेन्सिलीने टिपलेल्या असू शकतात? पाठचिकित्सेच्या प्रस्थापित शिस्तीप्रमाणे लेखकाच्या हेतूला सर्वांत जवळची प्रत श्रेष्ठ. पहाटेपर्यंत बसलेल्या प्रेक्षकाने जे नाटक पाहिले ते मात्र तिसऱ्या प्रतीतले आहे, आणि हंगाम संपल्यावर रद्दीत जाण्याची शक्यता सर्वांत जास्त तिचीच असते.